ढब्बूचं पाणी

देवळाली प्रवरा
९ फेब्रुवारी २०२५

अमृत,

वर काय लिहावं ते सुचेना, म्हणून नुसतं नाव लिहिलं. लग्न झाल्यापासून तुला 'जावईबापू' म्हटलं, अहो-जाहो केलं. आता कोर्टाचा कागद झाला आणि तू जावई राहिला नाहीस. मग तुला 'तू' म्हणायला मला आता कोण अडवणार? वयाने माझ्या पोराएवढाच आहेस. राग मानू नकोस.

पत्र बघून दचकला असशील. स्नेहलने माझ्याकडून कबूल करून घेतलंय, "आई, त्याला फोन करायचा नाही. मेसेजही नाही." मी हो म्हणाले. पत्राचं ती काही बोलली नाही. हल्ली कोणी पत्र लिहितं हे तिच्या डोक्यातच आलं नसणार. तिसगावला तुझ्या आईला फोन केला आणि पत्ता घेतला. त्या माझ्याशी अगदी पूर्वीसारख्या बोलल्या. कोटगिरी कुठे आहे ते स्नेहलच्या बाबांनी, तुझ्या मामांनी, मोबाईलवर शोधून दाखवलं. पार निलगिरीच्या डोंगरात की रे! राहुरीच्या विद्यापीठात शिकलेल्या पोराला भाजीची रोपं करायला जवळपास कुठे जागा नव्हती का? असो. लांब जायचंच असेल तुला.

कामाचं लिहिते. तुमचा ढब्बू आमच्याकडे आहे. स्नेहल बेंगळुरूला मैत्रिणींबरोबर राहते, तिथला घरमालक जनावर ठेवू देत नाही. पुण्याचं घर सोडताना तिने टाकी टेम्पोत घातली आणि इथे आणून ठेवली. खायला काय द्यायचं ते सांगितलं. पाण्याचं विचारलं तर म्हणाली, "पाणी तो बघायचा." आणि दुसरीकडे बघायला लागली. मी पुढे विचारलं नाही.

हा मासा नाही, बेडकाच्या नात्यातला आहे, पण जन्मभर पाण्यातच राहतो, असं मी आल्यागेल्याला सांगते. जात ॲक्सोलॉटल म्हटल्यावर शेजारची गोजरबाई म्हणाली, "मनकर्णे, ह्ये नाव घेस्तवर जनावर मरंल की." तिला ते गुलाबी अंग, चार पाय आणि डोक्यावरचे पिसांसारखे तुरे बघून आधी भीती वाटली. मग त्याचं हसरं तोंड दिसलं. आता रोज आपल्या गिरणीवर दळणाच्या निमित्ताने येते.

पण अमृत, आठवडा झाला, ढब्बू खात नाही. तुरे पुढे वाकलेत, शेपटीचं टोक वळलंय, मधूनच लाकडासारखा वर तरंगतो. पाणी दूध सांडल्यासारखं दिसतं. झालं असं, की टाकीत मळ दिसला म्हणून मामांनी ती हौसेने धुतली. वाळू, लपायचं मडकं, पाणी गाळायच्या मशीनमधला काळा स्पंज, सगळं नळाखाली चोळून लख्ख केलं आणि नळाचंच ताजं पाणी भरलं. पाणी खेळतं राहावं म्हणून मशीन फुल सोडलं. चांगल्या मनाने केलं रे. आता दिवसातून दहा वेळा टाकीपाशी जाऊन उभे राहतात आणि परत येतात.

तुमच्या दोघांत काय मोडलं ते मी विचारणार नाही. भांडणाचा आवाज कधी आला नाही. शेवटच्या वर्षात तुम्ही दोघं एकमेकांशी पाहुण्यासारखं बोलायला लागला होतात, "घेतेस का?" "नको, तू घे." पण त्यात ढब्बूचा काही दोष नाही. काय करू ते लगेच कळव.

मनकर्णा
(मामी म्हणायचास. आताही म्हण.)


२ मार्च

अमृत,

तुझं कुरियर पोचलं. औषधाचे थेंब, पाणी तपासायच्या नळ्या, थर्मामीटर, वर चहाची पुडी. चहा झकास आहे.

पोऱ्याने दारात हाक मारली तेव्हा मामा गिरणीत होते. "कुनाचं हाय?" "अमृतचं." "हं," म्हणाले आणि परत दळायला लागले. दळण उरकलं, अंगावरचं पीठ झटकलं, हात धुतले आणि मग भिंतीकडे बघत विचारलं, "काय म्हनतो पान्याचं?"

त्यांच्या मनात काय आहे ते तुला सांगून ठेवते. सोडचिठ्ठी झाली याचा त्यांना राग नाही. "पोरांचं न्हाई जमलं, न्हाई जमलं," म्हणतात. राग आहे तो, तू येऊन तोंडाने सांगितलं नाहीस याचा. वकिलाच्या फोनवरून कळलं ना त्यांना. ते जिव्हारी लागलंय. तुझ्याबरोबर ओट्यावर बसून कुस्तीची मैदानं मोबाईलवर बघायचे, ती आता बघत नाहीत.

पाण्याचं मी त्यांना माझ्या भाषेत समजावलं. तू लिहिलंस की स्पंजमधला काळा मळ ही घाण नव्हती, त्यातले बारीक जिवाणू ढब्बूच्या घाणीचं विष पचवतात. मी म्हणाले, "अहो, तुम्ही विरजणाचं भांडं घासून पालथं घातलंत. आता दही लागणार कशाने?" लगेच समजले. नळाच्या पाण्यात क्लोरीनची टीसीएल पावडर असते हे तर आपल्याला वासानेच कळतं, पण ती ढब्बूच्या तुऱ्यांना जाळते हे कोणाच्या ध्यानात येणार? आता पिपात पाणी आदल्या दिवशी भरून ठेवते, थेंब टाकते. रोज थोडं जुनं काढायचं, तेवढंच नवं घालायचं. नळीतला रंग हिरवा झाला की वाईट, पिवळा राहिला की चांगलं. पहिले दिवस इतका हिरवा यायचा की मेथी बरी. परवापासून पिवळसर आहे.

मशीनचा जोर कमी केला, तोंड काचेकडे फिरवलं. दुसऱ्या दिवशी तुरे मागे गेले, अगदी तू लिहिलंस तसे. आणि टाकी पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत नेली. गिरणीचं पीठ उडून पाण्यावर साय धरत होतं, हे तुला लांबून कसं कळलं?

गांडुळांची गंमत ऐक. मामांनी गांडूळखताच्या खड्ड्यातली लाल गांडुळं आणली. ढब्बूने एक तोंडात घेतलं आणि असं काही थुंकलं, की मीठ विसरलेली आमटी तोंडात आल्यावर मामा करतात तसंच तोंड. मग तुझं ऐकून हौदाजवळच्या ओलीतलं जाड देशी गांडूळ काढलं. उसातलं नको, तिथे तणनाशक मारलेलं असतं. धुऊन, तुकडा करून चिमट्याने समोर धरला. तो बघेना. मामांनी हात तसाच धरून ठेवला. खांदा दुखतोय म्हणाले तरी खाली घेईनात. आणि मग गप्पकन!

"खाल्लं!" मामा असे ओरडले की गिरणीतल्या बाया धावत आल्या. त्यांना वाटलं गिरणीच्या पट्ट्याने कोणाचा हात खाल्ला.

तू काय खातोस? भात आणि दही, असं लिहिलंयस. रोज? शेंगदाण्याची चटणी, कुरडया आणि हुलग्याचं पीठ पाठवतेय. शेंगोळे कसे वळायचे ते कागदावर लिहून पिठात घातलंय. पीठ मळताना पाणी बेताने घाल.

मामी


२१ एप्रिल

अमृत,

ऊन असं आहे की गिरणीचं लोखंड दुपारी हात लावू देत नाही. थर्मामीटरचा काटा रोज वर सरकतो. तू लिहिलंस, ढब्बूला गारवा लागतो, वीसच्या आत पाणी राहिलं तर तो सुखात, पंचविसाच्या वर गेलं की जिवाला धोका. अरे, आमच्या माठातलं पाणी तेवढं गार नसतं!

तरी काय काय केलं ते सांगते. टाकीवरची काच काढून वर जाळी बांधली आणि छोटा पंखा पाण्यावर तिरका लावला. खिडकीला ओलं गोणपाट. बाटल्यांत पाणी भरून बर्फ करायचा आणि एकेक टाकीत सोडायची. पहिल्या दिवशी मामांनी एकदम चार सोडल्या. तुझं पत्र आलं की असं खाली-वर केलेलं त्याला उन्हापेक्षा वाईट. आता एकच लहान बाटली, ती संपत आली की दुसरी. फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात दुसरं काही मावत नाही. गोजरबाईच्या फ्रीजमध्ये आपल्या बाटल्या आहेत, पलीकडच्या छगनच्या दुकानातल्या कुल्फीच्या पेटीतही आहेत. लाइट गेली की मामा गिरणीचं दळण तसंच टाकून आधी पुठ्ठा घेतात आणि टाकीला वारा घालतात. दळण आणलेल्या बाया म्हणतात, "मामा, आमाला बी घाला की वारं." मामा म्हणतात, "तुमी घामेजता. त्याला घाम बी येत न्हाई."

आधी त्याला 'त्यो बेडूक' म्हणायचे. आता त्याच्याशी बोलतात. मी ऐकते आहे हे त्यांना कळत नाही. परवा म्हणत होते, "अमृत म्हनतो त्या गावाला आत्ता स्वेटर लागतंय. तुझं नशीब बघ, पडला आमच्या पदरात."

तुझं नाव घेतलं त्यांनी, हे सांगायला हा सगळा कागद भरला.

तुझा फोटो आला. बारीक झालायस. शेंगोळे फुटले म्हणतोस, म्हणजे पाणी जास्त पडलं. शेजारच्या खोलीतला पोरगा तुझ्याशी बोलतो का? तमिळ येवो न येवो, संध्याकाळी कोणाबरोबर तरी चहा घेत जा. एकट्याने भांड्यातच खाऊ नकोस, ताट घे.

मामी


१८ मे

अमृत,

घाईत लिहिते. तुझ्या सांगण्याप्रमाणे ढब्बू फ्रीजमध्ये आहे.

उन्हाने जे व्हायचं ते झालं होतं. तुऱ्यावर कापसासारखा पांढरा पुंजका आला, तुरे झडल्यासारखे दिसायला लागले. खाणं बंद. तुझ्या चिठ्ठीबरहुकूम झाकणाला भोकं पाडलेला डबा घेतला, आदल्या दिवशी भरलेलं पाणी आधी हळूहळू गार केलं आणि ढब्बूला त्यात घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवला. एका बाजूला दूध, दुसऱ्या बाजूला कोथिंबीर. रोज सगळं पाणी बदलायचं, तेही तेवढंच गार. मधे थोडा वेळ मिठाच्या पाण्यात ठेवायचं. मामांनी फ्रीजला सुतळी बांधली. दूध काढायचं तर त्यांना विचारून.

आणि त्यात स्नेहल सुट्टीवर आली. न कळवता, आम्हाला आनंद व्हावा म्हणून. पाणी प्यायला गेली, सुतळी सोडली, डबा उघडला.

"आई! ढब्बू मेलाय आणि तुम्ही फ्रीजमध्ये ठेवलाय?"

"मेला नाही गं. औषध चाललंय. गारव्यात बुरशी वाढत नाही. तो झोपल्यासारखा राहतो."

ती माझ्याकडे बघत राहिली. "हे तुला कोणी सांगितलं?"

मी काही लपवलं नाही, अमृत. "अमृतने," म्हणाले. "फोन केला नाही. पत्र लिहिलं."

"मी त्याला सोडलं आणि तुम्ही त्याला ठेवून घेतलंत?"

"ढब्बूचं विचारत होते."

"चटणीचा परत आलेला रिकामा डबा कोटगिरीच्या पत्त्यासकट कपाटावर आहे. ती पण ढब्बूसाठी?"

मग मीही बोलले. "तुझं त्याच्याशी मोडलं, ते तुझं. माझं काय भांडण झालं होतं त्याच्याशी? तुझ्या बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा उशाशी तोच बसला होता. ते सगळं एका कागदाने मी कसं पुसू?"

ती म्हणाली, "आई, मला सगळीकडे सांगावं लागतं की मी ठीक आहे. या घरात तरी कोणीतरी फक्त माझ्या बाजूचं असावं." आणि रडली. लग्न मोडलं तेव्हासुद्धा माझ्यासमोर रडली नव्हती. मी जवळ घेतलं. मला तिचंही पटलं, अमृत. अगदी पटलं. मला एकीकडून पोरगी ओढते, दुसरीकडून तू, आणि फ्रीजमध्ये ते मुकं जनावर.

मामा मधे पडले नाहीत. फक्त म्हणाले, "दार लावा फ्रीजचं. गरम व्हायलंय."

रागात होती तरी दुसऱ्या दिवसापासून डब्याचं पाणी तिनेच बदललं. हात गार पाण्याने लाल व्हायचे. डब्यात बघून "ऊठ ना रे ढब्बू" म्हणायची. जाताना चपला घालता घालता म्हणाली, "तो बरा होईपर्यंत लिही त्याला. मग बंद. मला शब्द दे." मी दिला. या वेळी पत्राचा शब्द आहे, अमृत. पळवाट नाही.

मामी


६ जुलै

अमृत,

ढब्बू बरा आहे.

हे एवढंच लिहायला मला इतके दिवस लागले. पुंजका कधीच गेला. मे संपता संपता आम्ही त्याला हळूहळू टाकीत आणलं. हवा पालटली, आभाळ भरून असतं, पाणी पंख्यावरच गार राहतं. तुऱ्यांना नवी पिसं फुटली आहेत, आधीपेक्षा लाल. गांडूळ दिसलं की वर झेपावतो आणि मामांच्या बोटालाच पकडतो. त्याला दात नसल्यासारखेच, नुसत्या गुदगुल्या होतात. मामा मुद्दाम बोट पुढे करतात.

स्नेहल फोनवर विचारायची, "कसा आहे?" मी म्हणायचे, "सुधारतोय." खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. तो खडखडीत बरा झालाय हे तिला सांगितलं की तुला लिहिणं बंद, म्हणून मी त्याला रोज थोडा थोडाच बरा करत होते. मग काल व्हिडिओ कॉलवर तिनेच त्याला बघितलं. बघितलं आणि म्हणाली, "आई." बस्स, एवढंच. रागावली नाही. मी समजले.

म्हणून हे शेवटचं. तुझ्यावर माझा काही रुसवा नाही, हे लक्षात ठेव. पोरीला शब्द दिलाय, आणि तिला या घरात आपलं वाटायला हवं. तिचा हक्क आधी.

तू पाण्याचं जे जे लिहिलंस ते मला आता पाठ आहे, त्यामुळे ढब्बूची काळजी करू नकोस. तुझी मात्र मला कोणी खबर देणार नाही. घरी आईला फोन करत जा. त्यांना सांग की मनकर्णाबाईंशी बोलत जा. एवढं तर चालेल.

ताट घेऊन जेवतोस ना?

मामी


१४ सप्टेंबर

(हे पत्र माझं नाही. मामा सांगताहेत, मी लिहिते. जसं सांगतील तसं लिहायचं ठरलंय.)

चिरंजीव अमृत,

तुझं पत्र माझ्या नावानं आलं. माझ्या नावानं लाइटबिल सोडून काय येत न्हाई, म्हनून आधी घाबरलो. हिनं वाचून दावलं.

तुला घर भेटलं, मागली खोली गार हाय, उन्हाळ्यात बी पंखा लागत न्हाई, वाचून बरं वाटलं. ढब्बूला तिकडं न्यायचं म्हनतोस. खरं सांगतो, पुढल्या उन्हाळ्यात हितं तो टिकंल का, माजी खात्री न्हाई. औंदा लई हाल झाले त्याचे. दर साली फ्रीजात घालून काय जगनं हाय का? त्यानं तुज्याकडं जावं, ह्येच बरोबर. स्नेहलला मी इचारलं. ती म्हनली, "बाबा, तो त्याचाच आहे. पाणी तोच बघायचा."

पन कुरियर-पार्सलनं मी द्यायचा न्हाई. तू सोता यायचं. दारातनं आत यायचं. जेवायचं. मग न्यायचं.

आमचा जीव हाय त्याच्यावर. ह्ये लिहू नको.

(लिहू नको म्हणाले, पण जसं सांगतील तसं लिहायचं ठरलं होतं.)

बन्सी


१२ ऑक्टोबर

अमृत,

स्नेहलला विचारून लिहितेय. काल तिला म्हणाले, "तुझे बाबा तिकडे कोटगिरीला गेलेत ते धड फोनही करत नाहीत, दोन शब्द बोलतात आणि ठेवतात. काय चाललंय काही कळत नाही." ती म्हणाली, "मग त्याला पत्र लिही ना. तुला तेच जमतं." मी म्हणाले, "शब्द दिलाय तुला." मग म्हणाली, "परत दिला तुझा शब्द."

तर आधी हे सांग, मामांना कधी पाठवतोस? ढब्बूला पोचवून लगेच फिरतो म्हणून गेलेला माणूस. इथे गिरणीवर दळणाच्या पिशव्यांची रांग लागलीय, मी आणि गोजरबाई मिळून कसंबसं दळतोय. फोन केला की म्हणतात, "टाकी बसवली पन विरजन अजून लागलं न्हाई, अमृत कामावर जातो, नळीतला रंग कोन बघंल?" तुझ्या घरात स्वेटर घालून बसलेला त्यांचा फोटो बघितला. मागे तुझ्या दोरीवर त्यांचं धोतर वाळतंय. दिवाळीच्या आधी त्यांना गाडीत बसवून दे.

तू आलास त्या दिवसाचं मला अजून हसू येतं आणि डोळेही भरतात. दारात उभा राहून तू म्हणालास, "मामा, तेव्हाच यायला पाहिजे होतं. तोंड दाखवायची हिंमत झाली नाही." मला वाटलं, आता हे आठ-नऊ महिन्यांचं साठलेलं सगळं काढतील. ते म्हणाले, "जेवला का?" आणि गिरणी चालूच ठेवून तुझी बॅग घेऊन आत गेले. तुझ्या ताटात त्यांनी स्वतः भाकरी कुस्करून दिली. हे त्यांनी माझ्या ताटातही कधी केलं नाही.

आणि थर्माकोलची पेटी भरताना, पाण्याची पिशवी, भोवती फडक्यात गुंडाळलेल्या बर्फाच्या बाटल्या, तू म्हणालास की सांभाळून नेईन, तर म्हणाले, "एकट्याला झोप लागली तर पेटी कोन बघंल?" मला वाटलं, बोलताहेत नुसतं. सकाळी बघते तर पिशवी भरून, टोपी घालून तयार.

पुढचं सगळं तुझ्यासमोरच झालं, पण स्नेहलच्या बाजूचं तुला माहीत नसणार. ते सांगायला बसलेय.

गाडी वाटेत रखडली, ऑक्टोबरचं ऊन, बर्फ सगळा वितळला आणि पेटीतलं पाणी तापायला लागलं, तेव्हा मामांनी तिला फोन केला हे तुला नंतर कळलं असेल. तुला न सांगता दारापाशी जाऊन केला होता. तिला म्हणाले, "बेंगळुरू यायला अजून लई वेळ हाय. ढब्बू पोट वर करून उलटा व्हायलाय. बर्फ घेऊन येशील का ठेसनावर? न्हाई आलीस तरी चालंल. पन मला दुसरं कोन ठावं न्हाई तिथं." ती ऑफिसात होती. तिने नुसतं "डबा कितवा?" विचारलं.

मैत्रिणींच्या घरातला होता नव्हता तेवढा बर्फ घेतला, खालच्या ज्यूसवाल्याकडूनही बाटल्या घेतल्या आणि स्टेशनवर आली. मला म्हणाली, "आई, रिक्षात मी ठरवलं होतं, बाटल्या बाबांच्या हातात द्यायच्या आणि निघायचं. त्याच्याकडे बघायचंही नाही."

गाडी लागली. सगळे उतरले, तुम्ही उतरला नाहीत. 'बर्फ येतोय, तवर पेटी हलवू नको' एवढंच मामांनी तुला सांगितलं होतं, म्हणून बसून राहिला होतात. ती डबा शोधत आली आणि खिडकीतून बघितलं. मामा तुझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपले होते, टोपी घसरलेली. पेटी तुझ्या मांडीवर. तू एका हाताने पेटीवर ओलं फडकं धरलं होतंस आणि दुसऱ्या हाताने वर्तमानपत्राने वारा घालत होतास. पेटीलाही आणि मामांनाही. त्यांच्या डोक्याखालचा तुझा खांदा अवघडला असणार, पण त्यांना जाग येऊ नये म्हणून तू हलत नव्हतास.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. मी उभी राहिले तिथेच. बराच वेळ. तुला सांगू का आई, मला राग येईल असं वाटलं होतं. राग आला नाही. हेवा वाटला जरासा. आणि बरं वाटलं. आपल्या घरातलं कोणीतरी त्याच्याजवळ निवांत झोपू शकतं, म्हणजे चार वर्षं सगळीच वाया गेली नाहीत."

मी तिला बोलू दिलं. तिने असं कधी बोलून दाखवलं नव्हतं, मला ते मोडायचं नव्हतं.

तिने पेटी उघडून पिशवीभोवती नव्या बाटल्या लावल्या, आणि तू थर्मामीटर धरलास, आणि दोघांनी मिळून ढब्बू सरळ होईपर्यंत वाट बघितली, हे तिने सांगितलं. तुम्ही काय बोललात ते सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तुम्ही दोघं परत एकत्र याल असल्या आशेवर मी हे लिहीत नाही, हे तुला नीट कळू दे. ती तिकडे तिच्या कामात रमलीय, तूही रमशील. मला एवढंच हवंय की माझ्या माणसांना एकमेकांची नावं घेताना अडखळायला होऊ नये.

शेवटी मी तिला विचारलं, "खिडकीपाशी इतका वेळ उभी होतीस, मग आत कशी गेलीस गं?"

म्हणाली, "बर्फ वितळायला लागला होता, आई. थांबून कसं चाललं असतं?"

मामी